स्मिथांच्या घरात एक थ्रेलफॉल

शुक्रवार, १२ एप्रिल

डॉमिनिकने आज माझ्या टेबलावर बसून, माझी बटाट्या-कांद्याची पाई खाता खाता, मीठ मागावं तशा सुरात सांगितलं की येणाऱ्या बाळाचं आडनाव स्मिथ लागणार आहे.

मी म्हटलं, “कोणाचं बाळ?”

“आमचं, आत्या.”

“मग तू कोण? भाडेकरू?”

लीअ‍ॅनला हसू आलं. ते तिने पाण्याच्या ग्लासात दडवलं. तिला आठवा संपत आलाय. पोरगी तशी वाईट नाही. बाप गॅसची जोडणी करायचा, ती दातांच्या दवाखान्यात काम करते, बोलताना अर्धे शब्द गिळते. पण घरात येताना बूट पुसते. तिचं नाव तिच्यापाशी राहो, माझं काही म्हणणं नाही. पण डॉमिनिक हा माझ्या एकुलत्या भावाचा एकुलता मुलगा. जेरार्डला जाऊन सहा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. ह्या बाळाला थ्रेलफॉल लावलं नाही, तर आमच्या घरातलं हे नाव माझ्याबरोबर मातीत जाईल. हे मी शांतपणे समजावून सांगितलं. लीअ‍ॅनच्या मते ते शांतपणे नव्हतं.

“कारण तरी सांग.”

“आम्हाला तेच लावायचंय.”

“स्मिथ? अरे, ते काय नाव आहे? ते हवेसारखं सगळीकडे असतं.”

तो हसला नाही. पाई संपवली, ताट विसळून ठेवलं, आणि दोघं गेले. नेहमीप्रमाणे तो कपाटाकडे पाठ करून बसला होता. कपाटावर जेरार्डचा फोटो आहे. समोर बसलं की खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं, असं म्हणतो. आज दिवसभर पाऊस होता.

सोमवार, १५ एप्रिल

डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला गेले. नर्सने दारातून “स्मिथ” असं म्हटल्यावर तीन माणसं उठली आणि एकमेकांकडे बघत राहिली. पंधरा मिनिटांनी “थ्रेलफॉल” म्हणाली. मी एकटी उठले. हे डॉमिनिकने पाहायला हवं होतं.

ह्या देशात सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव स्मिथ आहे. आमचं लँकेशायरबाहेर कोणाला नीट उच्चारता येत नाही. मी बत्तीस वर्षं प्रेस्टनमधल्या मोठ्या दुकानात कापड विभागाची प्रमुख होते. तिथे दर महिन्याला एखादी स्मिथ कामाला लागायची आणि कोणती स्मिथ ते सांगायला तिच्या केसांचा रंग सांगावा लागायचा. माझ्या बाबतीत कोणाला असला प्रश्न पडला नाही.

आमचं घराणं जुनं कॅथलिक. राजाने धर्म बदलला तेव्हा आम्ही बदलला नाही, दंड भरले, आणि चर्चच्या आवारात पाहावं तिकडे आमचे दगड आहेत. मदर युफेमिया आम्हाला वर्गात सांगायच्या, की मुलींनो, आपण कोण हे ज्याला ठाऊक असतं त्याचा ताठ कणा लांबून दिसतो. जेरार्डला ते ठाऊक होतं. तो फादर लोकांच्या वसतिगृहात शिकला. तिथे मुलांना आडनावानेच हाक मारत. आम्हाला नन्स विनिफ्रेड, मोनिका असं म्हणत, त्यात काय दरारा. जेरार्डने ती रीत घरी चालू ठेवली. जिन्याखाली उभं राहून “थ्रेलफॉल” अशी एक हाक मारायचा की डॉमिनिक वरून हजर. सात-आठ वर्षांचा होता, पण काय शिस्त. हल्लीची पोरं दहा हाकांना ओ देत नाहीत.

बुधवार, २४ एप्रिल

बाजाराच्या इमारतीत, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, आडनावांची कुलचिन्हं विकणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्या संगणकात सगळी आडनावं आहेत म्हणे. थ्रेलफॉल टाकल्याबरोबर निघालं: निळी ढाल, त्यावर उभं सोनेरी हरीण, खाली नाव. ओकच्या फळीवर बसवून देतो म्हणाला. घेतलं. बाळाच्या खोलीत लावायला. डोळ्यांसमोर रोज ढाल असली म्हणजे डॉमिनिकलाही आपण काय टाकून देतोय ते कळेल.

शनिवार, २७ एप्रिल

ढाल न्यायच्या आधी केरशॉंना दाखवली. केरशॉ आमच्या चर्चचे. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले आणि आता गावाचा इतिहास गोळा करतात. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

“मिस थ्रेलफॉल, ही कोणाची?”

“आमची.”

“तुमची म्हणजे कोणाची? असलं चिन्ह आडनावाला मिळत नाही हो. माणसाला मिळतं. राजाकडून एखाद्याला मिळालं, तर ते त्याचं आणि त्याच्या थेट वारसांचं. शेजारच्या घरातल्या त्याच आडनावाच्या माणसाचंसुद्धा नाही.”

“म्हणजे हे हरीण चोरीचं आहे?”

“चोरीचं तरी आहे की नाही कोण जाणे. बहुधा विकणाऱ्यानेच पाळलेलं आहे.”

त्यांना आपल्या विनोदाचं फार कौतुक असतं. मी त्यांना चहा दिला नव्हता, ते बरं झालं. मग नावाचा अर्थ तरी सांगा म्हटलं, तर गडी खुलला. थ्रेलफॉल ही जागा आहे, इथून फार लांब नाही, गूझनरच्या वरच्या अंगाला. हजार वर्षांपूर्वी नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडचे, लोक समुद्रावरून येऊन इथे राहिले, त्यांच्या भाषेतलं नाव. फॉल म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन.

“आणि थ्रेल?”

त्यांनी ढाल उलटी करून पाठीमागचा खिळा पाहिला. “थ्रॅल. म्हणजे बांधलेला गडी.”

“नोकर?”

“नोकराला घरी जाता येतं. गुलाम म्हणा.”

गुलामाने तोडलेलं रान. मदर युफेमियांना हे ठाऊक नव्हतं, ह्याबद्दल देवाचे आभार.

“आणि स्मिथ म्हणजे?” मी विचारलं. दवाखान्यातले तीन स्मिथही सांगितले. विचारायला नको होतं.

“लोहार. म्हणजे गावातला एकमेव माणूस, ज्याच्याशिवाय नांगरही नाही, घोडाही नाही आणि तलवारही नाही. तो कुणाचा बांधलेला असायचा नाही सहसा. गंमत बघा, नाव इतकं पसरलं ते लोहार फार होते म्हणून नाही. गावाला एकच असायचा म्हणून. शेतकरी पन्नास असायचे, त्यांना शेतकरी म्हणून ओळखणार कसं? लोहार म्हटलं की कोण ते लगेच कळायचं. आता प्रत्येक गावातला तो एकेक माणूस गोळा केला की तुमच्या दवाखान्यातले तीन होतात.”

ते गेल्यावर मी चहा केला. एकटीपुरता.

सोमवार, २९ एप्रिल

ढाल परत करायला गेले. दुकानदार म्हणाला, पैसे परत देत नाही, पण बदलून देतो. स्मिथमध्ये सहा प्रकार आहेत.

ढाल कोळशाच्या खोलीत ठेवली.

शुक्रवार, ३ मे

केरशॉंनी गाडीतून ती जागा दाखवायला नेलं. बहुधा त्या दिवसाचं वाईट वाटलं असावं. किंवा पेट्रोलची चैन करायला निमित्त हवं असेल. दोन शेतघरं, चिखल, काळ्या-पांढऱ्या गायी, शेणाचा एवढा मोठा ढीग की त्यावर वाफ दिसत होती. वाऱ्याने माझी टोपी दोनदा उडवली.

रबरी बूट घातलेली एक बाई गोठ्यातून बाहेर आली. आम्ही तपासणीवाले आहोत असं तिला वाटलं.

“मी थ्रेलफॉल,” मी म्हटलं.

“अरे वा. मागच्या साली ऑस्ट्रेलियाहून एक जण आला होता. त्याने ह्या ढिगाचा फोटो काढून नेला. रडत होता बिचारा.”

“इथे थ्रेलफॉल कोणी राहत नाहीत?”

“इथे? नाही बाई. आमचे आजोबा इथले, त्यांच्याही वेळी नव्हते कोणी.”

परत येताना मी केरशॉंना म्हटलं, की एवढं नाव आणि त्या जागेवर त्या नावाचं एक माणूस नाही, हे कसं.

“असंच असतं,” ते म्हणाले. “जो राहतो त्याला गावाचं नाव कोण देणार? तिथे सगळेच तिथले. तुमचा पहिला माणूस तिथून उठून दुसऱ्या गावात गेला. तिथल्या लोकांनी विचारलं, हा कोण? तर तो थ्रेलफॉलचा. म्हणजे जे निघून गेले तेच थ्रेलफॉल.”

गुलामाच्या रानातून पहिली संधी मिळाल्याबरोबर निघालेला कोणी एक, आणि आम्ही आठशे वर्षं त्याच जागेचं नाव छातीवर लावून फिरतोय. मी केरशॉंना काही बोलले नाही. त्यांना फार बरं वाटलं असतं.

तरीही माझं मत बदललेलं नाही. अर्थ काही का असेना, नाव आमचं आहे. लोहाराच्या मुलीच्या बाळाला ते देणं म्हणजे त्याच्यावर उपकार नसले तरी अपमानही नाही. डॉमिनिकला फोन केला. म्हटलं, नुसतं थ्रेलफॉल नको असेल तर दोन्ही जोडा, थ्रेलफॉल-स्मिथ, हल्ली लावतात.

“नको, आत्या.”

“बापाच्या आठवणीसाठी तरी.”

तो मग म्हणाला, “लीअ‍ॅनच्या बाबांच्या आठवणीसाठी आम्ही ठेवतोय.”

रॉय स्मिथ फेब्रुवारीत गेला, हे खरं. चांगला माणूस होता. माझा गॅस एकदा पैसे न घेता दुरुस्त केला होता. पण सासरा तो सासरा. जेरार्ड कडक होता, मान्य आहे. कडक नसता तर हा इंजिनिअर झाला असता का? त्याच्या अंत्यविधीला डॉमिनिकच्या डोळ्यांतून एक थेंब आला नाही, मला त्याच्या धीराचा तेव्हा अभिमान वाटला होता. रॉयच्या वेळी मात्र लीअ‍ॅनलाच ह्याला धरून बाहेर न्यावं लागलं. माणूस वयाबरोबर हळवा होतो.

मंगळवार, २१ मे

मुलगी झाली. काल पहाटे. मार्था. नाव उत्तम आहे, संतांचं आहे. वजन चांगलं. नोंदणीला सहा आठवडे असतात, म्हणजे वेळ आहे.

गुरुवार, ३० मे

उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. लोकरीचं पांघरूण विणून झालं. कोपऱ्यात एम आणि टी विणलं आहे. टी उसवायला दहा मिनिटं लागतात, पण ते मी उसवणार नाही.

शुक्रवार, ३१ मे

काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

लीअ‍ॅनची आई शीला तिथे होती, इस्त्री करत. लीअ‍ॅन सोफ्यावर. बाळ वरच्या खोलीत झोपलेलं, आणि डॉमिनिक त्याच्यापाशी. मी पांघरूण दाखवलं. शीलाने टी पाहिला आणि इस्त्री जरा जोरात फिरवली. मला वाटलं, आता हा ताण हसण्यावारी न्यावा. बाळाला भेटायलाही आले होते. मी जिन्याखाली गेले, कठड्यावर हात ठेवला आणि जेरार्डच्या आवाजात, म्हणजे जमेल तितक्या जाड आवाजात, वर हाक मारली: “थ्रेलफॉल.”

बाळासाठी. बाळाला हाक मारली होती.

वरून बाळ नाही, डॉमिनिक आला. धावत. जिन्याच्या टोकाशी येऊन थांबला. दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले, पाय जुळवलेले, नजर माझ्या डोक्यावरून पुढे भिंतीवर. छत्तीस वर्षांचा माणूस, खांद्यावर बाळाची ओकारी पुसायचं फडकं. तो असा किती वेळ उभा होता कोण जाणे. फार नसेल. इस्त्री थांबलेली मला ऐकू आली.

मग त्याने मला पाहिलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर खाली बसला.

“आत्या, पुन्हा असं करू नकोस.”

“अरे, मी गंमत…”

“माहीत आहे.”

लीअ‍ॅन माझ्या बाजूने वर गेली, त्याच्या शेजारी बसली. त्या जिन्यावर दोघांना पुरेशी जागा नाही, तरी बसली. मी खाली उभी. मी म्हटलं, “तुझे वडील असंच बोलवायचे तुला.”

“हो. असंच. डॉमिनिक म्हणून कधी नाही. बोलवायचे आणि मी खाली यायचो.” फडकं त्याने घडी करून गुडघ्यावर ठेवलं. “खाली आल्यावर काय व्हायचं, हे तुला खरंच माहीत नव्हतं?”

“रागवायचा. एवढं माहीत होतं.”

“रागवायचे,” तो म्हणाला. तेवढंच.

शीलाने बटण बंद केलं. तोंडातल्या तोंडात म्हणाली, “आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा रॉयने विचारलं होतं, तुला काय म्हणू रे? आणि ह्याला उत्तरच सुचेना.”

“मला कोणी विचारलंच नव्हतं तोवर,” डॉमिनिक वरून म्हणाला. जवळजवळ हसत. “आत्या, मला माझ्या मुलीला त्या नावाने जिन्यावरून बोलवायचं नाहीये. शाळेत हजेरीला घेतलेलंही ऐकायचं नाहीये. मला दुसरं काही म्हणायचं नाही.”

बाळ रडायला लागलं. लीअ‍ॅन उठून गेली. मी बसने घरी आले.

बुधवार, ५ जून

काही लिहिण्यासारखं नाही. गुडघा दुखतो.

शनिवार, ८ जून

जेरार्डचा फोटो कपाटावरून काढून माझ्या झोपायच्या खोलीत ठेवला. तो माझा भाऊ आहे. मला न्युमोनिया झाला तेव्हा दोन आठवडे रोज बसने आला, फळं सोलून दिली. त्या माणसाला मी ओळखते. दुसरा जिन्याखाली उभा राहायचा, आणि मी त्याच घरात रविवारचं जेवायला जात होते. मुलाला हाक मारल्यावर जेरार्ड स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचा. मला वाटायचं, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

नन्सनी मला विनिफ्रेड म्हटलं. सत्तर वर्षांत थ्रेलफॉल म्हणून मला कोणी दरडावून बोलावलं नाही. माझ्यासाठी ते दवाखान्यात एकटीने उठण्याचं नाव होतं.

केरशॉंचा फोन आला होता, आणखी काही सापडलंय म्हणे, चौदाव्या शतकातलं. म्हटलं, राहू द्या.

मंगळवार, १८ जून

लीअ‍ॅन आली. बाबागाडी ढकलत, चढावरून, एकटी. दारात बूट पुसले.

“तुम्ही येत नाही, म्हणून आम्ही आलो,” ती म्हणाली.

“गुडघा.”

“हो ना. गुडघ्याने फोनसुद्धा करता येत नाही.”

मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. बरं वाटलं, खरं सांगायचं तर. तिला चहा दिला, बाळ माझ्या मांडीवर दिलं. मार्थाची हनुवटी कोणासारखी आहे हे मी बोलले नाही. ती आमच्याकडची आहे, ह्यात वाद नाही.

“बाप्तिस्मा सात जुलैला आहे,” लीअ‍ॅन म्हणाली. “तुम्ही गॉडमदर व्हाल का? डॉमिनिकने विचारायला लावलेलं नाही. तो घाबरतो, तुम्ही नाही म्हणाल म्हणून. मी घाबरत नाही.”

“कोणाची गॉडमदर? स्मिथची?”

“मार्थाची,” ती म्हणाली.

बाळाने माझं बोट धरलं होतं. तशी ती सगळीच धरतात, त्याला काही अर्थ नसतो. मी हो म्हटलं.

ती गेल्यावर पांघरुणातला टी उसवायला घेतला. दहा मिनिटांचं काम आहे असं मी लिहिलं होतं. तासभर लागला, घट्ट विणला होता. त्या जागी एस विणला नाही. मोकळं ठेवलं.

शुक्रवार, २८ जून

डॉमिनिकने नोंदणी केली. मार्था स्मिथ. स्वतः येऊन सांगितलं, फोनवर नाही. पाई खाल्ली. आज तो खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसला. ऊन होतं, आणि त्याने त्याबद्दल तक्रार केली नाही.

मी म्हटलं, “रॉयला काय म्हणायचास तू?”

“रॉय.”

“सासऱ्याला नावाने?”

“त्याने सांगितलं होतं तसं.” मग ताट बाजूला सारून, “तुला काय म्हणू, हे मी कधी विचारलं नाही.”

“आत्या म्हणतोस ना. पुरे आहे.”

रविवार, ७ जुलै

चर्च भरलं होतं, अर्ध्याहून अधिक स्मिथांनी. शीलाच्या बहिणीने पिसांची टोपी घातली होती, ती मागच्या दोन रांगांना वेदी दिसू देत नव्हती. केरशॉ आले, कोट इस्त्रीचा होता.

फादर टोलनांनी विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलंत? दोघं म्हणाले, मार्था. एवढंच विचारतात. शंभरेक बाप्तिस्मे पाहिले असतील मी, पण पुढचं कोणी विचारत नाही हे आज ध्यानात आलं. पाणी ओतलं तेव्हा पोरगी रडली नाही, फादरांकडे रागाने बघत राहिली. मला ते आवडलं.

नंतर हॉलमध्ये चहा. लीअ‍ॅन घामाघूम झाली होती, डॉमिनिक खुर्च्या लावत होता, म्हणून बाळ माझ्याकडे. रॉयबरोबर काम केलेला एक लठ्ठ गृहस्थ हातात बशी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. इथल्या सगळ्यांना तो ओळखत होता, मला सोडून.

“रॉयला फार आवडली असती,” तो मार्थाकडे बघून म्हणाला. “तुम्ही कुठल्या? स्मिथांपैकीच ना? बहीण का त्याची?”

पलीकडे डॉमिनिक खुर्ची हातात धरून थांबला होता.

“स्मिथांपैकीच,” मी म्हटलं. “बाळाकडून.”

त्याने मान डोलावली, जणू असं नातं असतंच, आणि मला केक आणायला गेला. केक कोरडा होता.